कडुलिंब तोडला तर हुमणी जाईल का?

आलेलं पत्र, थोडक्यात:

वय 34. नवरा पुण्यात कंपनीत, शनिवारी रात्री येतो, रविवारी संध्याकाळी जातो. घरी सासरे आणि दोन मुलं. माळावरची साडेतीन एकर, कॅनॉलचं पाणी आल्यापासून ऊसच. बांधावर सासऱ्यांनी लावलेला तीसेक वर्षांचा कडुलिंब आणि पलीकडे चुलत दिरांचं रान. गेली दोन वर्षं दोघांच्याही उसाला हुमणी (जमिनीत राहून मुळं खाणारी अळी) लागतेय. गेल्या पावसाळ्यात तर दिरांचा खोडवा (तोडणीनंतर त्याच बुडख्यांतून पुन्हा फुटलेला ऊस) ऑगस्टपासून पिवळा पडत गेला, बेटंच्या बेटं नुसत्या हाताने उपटून यायला लागली. दीर म्हणतात, "तुमच्या लिंबावर भुंगेरे बसतात आणि तिथनं माझ्या उसात उतरतात, वळीव पडायच्या आत झाड पाडा, नाहीतर मी पाडतो." सासरे म्हणतात, मी जिवंत आहे तोवर कुऱ्हाड लागायची नाही. नवरा फोनवर म्हणतो तू बघ काय ते, फक्त भांडणं नकोत. "काकू, तीन वर्षांपूर्वी आमच्याकडे हुमणी नावालाही नव्हती, मग एवढी आली कुठून? सप्टेंबरात दुकानदाराने दिलेलं दाणेदार औषध टाकलं, पैसे गेले आणि अळी जशीच्या तशी. झाड तोडू का नको? तोडलं तर मामंजींना तोंड दाखवता येणार नाही आणि नाही तोडलं तर बांधावर रोजची भांडणं."

उत्तर:

तू काकू म्हणून लिहिलंस म्हणून मीही सरळ तू म्हणते. मी आयुष्यभर कॉलेजात कीटकशास्त्र शिकवलं आणि रिटायर झाल्यावर आमच्या स्वतःच्या दोन एकरात ते पुन्हा पहिल्यापासून शिकले, त्यामुळे तुझं पत्र वाचताना भावकीच्या आधी मला हुमणीच दिसली, आणि खरं सांगायचं तर तुमच्या भांडणाची किल्लीही तिच्यातच आहे.

तुमच्या घरात दोन पक्ष पडलेत. भाऊजी म्हणतात हुमणी झाडावरून येते, मामंजी म्हणतात झाडाचा काही संबंध नाही. तू मध्ये उभी आहेस आणि तुला वाटतंय की दोघांपैकी एकजण खोटं बोलतोय, मग निदान ते तरी कळू दे. पण दोघांचंही अर्धं अर्धं बरोबर आहे. भाऊजींचं तर मला वाटतं तुझ्या अंदाजापेक्षा जरा जास्तच बरोबर आहे, त्याचं पुढे सांगते.

आधी हे बघ की ऑगस्टमध्ये भाऊजींच्या उसाखाली सापडलेली ती पांढरी, सी च्या आकारात वळलेली, तपकिरी डोक्याची जाड अळी त्याआधी कुठे होती. जूनमध्ये ती अंडं होती, जमिनीत चार-सहा बोटं खाली. त्याच्या आधी तिची आई तुझ्या लिंबावर पाला खात बसली होती, इथपर्यंत भाऊजींनी डोळ्यांनी बघितलंय. पण ती आई लिंबावर कुठून आली? ती झाडावर जन्मत नाही गं. ती त्याच्या आदल्या पावसाळ्यात उसाची मुळं खाऊन वाढली, ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमाराला जमिनीतच कोष केला, कोषातून भुंगेरा होऊन बाहेरही आली, पण वर नाही आली, तिथेच मातीत गप्प पडून राहिली, सगळा हिवाळा आणि निम्मा उन्हाळा. वळवाचा पहिला दणकट पाऊस झाला, माती भिजली, की दिवेलागणीला, साधारण सव्वासात ते पावणेआठच्या मधल्या अर्ध्या-पाऊण तासात, हे सगळे भुंगेरे जमिनीतून निघतात आणि जवळच्या आवडीच्या झाडावर जातात. तिथे नर-मादी जमतात, रात्रभर पाला खातात आणि उजाडायच्या आत पुन्हा मातीत. म्हणजे उसाचं रान हे त्यांचं घर आणि तुझा लिंब हा नुसता लग्नाचा मांडव. वऱ्हाड दोन्हीकडचं आहे, तुमच्या रानातलंही आणि भाऊजींच्याही.

म्हणजे आत्ता, हे तू वाचतेयस त्या घटकेला, यंदाचे भुंगेरे दोन्ही रानांत खाली तयार होऊन बसलेत. झाड उद्या पाडलं तरी ते वळवाला निघणारच, आणि लिंब दिसला नाही म्हणून उपाशी थोडेच राहणार! ओढ्याच्या काठची बाभूळ, कुणाच्या बांधावरची बोर, शाळेपुढचा लिंब, जे मिळेल तिथे जातील. माळावरच्या हुमणीचे भुंगेरे (शास्त्रात होलोट्रिकिया सेरेटा) कडुलिंब, बाभूळ आणि बोर या तिघांवर सगळ्यात जास्त येतात, पण त्यांचं काही एका झाडावाचून अडत नाही. मला नेहमी गंमत वाटते, आपण इतर किडींसाठी निंबोळी अर्क फवारतो, किडीला लिंबाचा कडूपणा सोसत नाही म्हणतो, आणि हा पठ्ठ्या लिंबाच्या कोवळ्या पाल्यावर जेवायलाच बसतो. अळीची आवड तर अजून वेगळी, तिला झाडाशी काही देणंघेणं नाही, तिला मुळं हवीत, ऊस, भुईमूग, हळद, सोयाबीन, ज्वारी, मिरची, जे वर लावाल ते ती खालून खाते. एकच किडा, पण तरुणपणी एक ताट आणि लहानपणी दुसरं, आणि आपण ही दोन ताटं जोडून बघत नाही म्हणून आपल्याला कळत नाही की ती आली कुठून.

आता भाऊजींचं बरोबर काय ते. रात्रभर लिंबावर बसलेल्या माद्या अंडी घालायला फार लांब जात नाहीत, आसपासच्या भुसभुशीत, ओलसर रानात उतरतात, त्यामुळे भुंगेऱ्यांच्या आवडीच्या झाडाजवळच्या पट्ट्यात अळी जास्त सापडते, हे शेतकऱ्यांनीही बघितलंय आणि अभ्यासकांनीही. एक मादी साधारण पन्नास-साठ अंडी घालते. म्हणजे झाडावर दोनशे भुंगेरे बसले आणि त्यात निम्म्या माद्या धरल्या तर पाच हजार अंडी, सगळी जगत नाहीत हे मान्य, पण बांधालगतच्या चार सऱ्यांची वाट लावायला पुरतात. आणि गेली दोन वर्षं त्या झाडावर भुंगेरे बसलेले असताना तुमच्यापैकी कुणी खाली जाऊन ते गोळा केले का? तुझ्या पत्रात तसं कुठे दिसलं नाही. म्हणजे भाऊजी जे बघतायत ते असं की भावाचं झाड दरवर्षी किडे जमवतं आणि झाडाचा मालक काही करत नाही. त्यांचा राग तुला खोडसाळ वाटतोय, मला तसा वाटत नाही, खोडवा हाताने उपटून आलेला माणूस आहे तो.

मग तीन वर्षांपूर्वी नव्हती आणि आता एवढी कशी, हा तुझा प्रश्न. यात कुणाची करणी नाही आणि कुणाच्या शेणखतातून ट्रॉलीभर आली असंही बहुतेक नाही (उकिरड्यात ज्या जाडजूड पांढऱ्या अळ्या दिसतात त्यातल्या बऱ्याच गेंड्या भुंग्याच्या असतात, त्या कुजलेलं खातात. तरी शेणखत चांगलं कुजवूनच टाक). माळावरच्या हुमणीची वर्षाला एकच पिढी होते, त्यामुळे ती मावा-तुडतुड्यासारखी पंधरवड्यात फुगत नाही, ती वर्षाच्या हप्त्याने वाढते. पहिल्या वर्षी दहा-बारा बेटं सुकली की आपण म्हणतो पाणी कमी पडलं असेल. दुसऱ्या वर्षी एक कोपरा जातो. तिसऱ्या वर्षी अख्खं रान पिवळं दिसतं तेव्हा आपल्याला ती "अचानक" आलेली वाटते. त्यात कॅनॉलचं पाणी आलं आणि तुमच्या माळावर बारमाही ऊस झाला, पूर्वी खरिपाचं पीक निघालं की रान नांगरून उन्हाळाभर तापत पडायचं, नांगरामागे बगळे, साळुंक्या, कावळे अळ्या वेचायचे. आता ऊस, मग खोडवा, मग त्याचाही खोडवा, म्हणजे तीन वर्षं जमीन उलथलीच नाही, खाली ओल आणि मुळं बारा महिने हजर. अळीला अजून काय पाहिजे?

आणि पावसाचा हिशोब वेगळाच. वळीव वेळेवर आणि जोरात झाला की सगळे भुंगेरे दोन-चार संध्याकाळीत एकदम निघतात, पाठोपाठ जमीन ओली राहिली की अंडी चांगली उबतात, ते वर्ष हुमणीचं. वळीव तुटक पडला, मध्ये ऊन तापलं, की भुंगेरेही तुटक तुटक निघतात आणि बरीचशी अंडी सुकून जातात. म्हणून एखाद्या वर्षी काही न करता हुमणी कमी दिसते आणि त्या वर्षी ज्याने जे औषध टाकलं असेल ते गावात फेमस होतं.

औषधावरून आठवलं, तुझे पैसे का गेले ते सांगते. सप्टेंबरात अळी तिसऱ्या अवस्थेत असते, अंगठ्याएवढी, मुळांच्या बेचक्यात खोल. तेव्हा वरून दाणे टाकून ती सहसा मरत नाही. पिवळा ऊस दिसल्यावर औषधाला धावणं म्हणजे वरात गेल्यावर मांडव घालणं. तुझ्या पत्रात औषधाचं नाव नाही, पण दुकानदाराने कोपऱ्यातली जुनी फोरेटची पिशवी दिली असेल तर सावध हो, फोरेटवर आपल्या देशात 31 डिसेंबर 2020 पासून बंदी आहे, आणि ते असं जहाल आहे की घरात मुलं असताना गोठ्यात त्याची अर्धी पिशवी ठेवणं हा हुमणीपेक्षा मोठा धोका. काय होतं ते पिशवीवर वाच, लेबलवर ऊस आणि हुमणी असं नसेल तर पुन्हा घेऊ नकोस.

तर झाडाचं काय करायचं. मी तोडू नको म्हणते, पण मामंजींसाठी म्हणून नाही (ते आहेच). वर्षातले अकरा महिने ही कीड मातीत असते, हाताला लागत नाही. फक्त वळवानंतरचे थोडे दिवस ती स्वतःहून उडून एका ठरलेल्या जागी, ठरलेल्या वेळेला, उघड्यावर येऊन बसते. ती जागा तुला माहीत आहे, तुझ्या बांधावर आहे, आणि तुम्ही तीच पाडायला निघालात. राजस्थानात भुईमुगावर हिची चुलत बहीण पडते, होलोट्रिकिया कॉन्सँग्विनिया. तिच्या मादीच्या अंगातून मेथॉक्सिबेन्झिन नावाचा वास सुटतो आणि त्या वासाला बाकीचे भुंगेरे त्या झाडावर जमतात, हे 1990 च्या दशकात शोधून काढलं गेलं, आणि मग तिथे उलटाच डाव टाकला, काही झाडं निवडून त्यावर त्या वासाचे बोळे लावायचे, भुंगेरे मुद्दाम तिथे गोळा करायचे आणि तिथेच मारायचे. आपण तर बिनवासाचंही तेच करू शकतो. बांधावर बारक्या बाभळी-बोरी असतील तर त्या वळवाच्या आधी छाटून टाक, लिंब तेवढा ठेव, म्हणजे वऱ्हाड पांगणार नाही.

आता प्रत्यक्ष कसं, ते मी आमच्याकडे करते तसं सांगते. पहिला वळीव झाला त्याच दिवशी, उद्या बघू म्हणायचं नाही, आठच्या सुमाराला बॅटरी घेऊन झाडाखाली जायचं. आधी बॅटरी बंदच ठेव आणि नुसती ऐक. भुंगेरे बरेच असले तर पाल्यात बारीक करकर ऐकू येते आणि अंगावर काहीतरी टिपटिप पडतं, पाऊस नाही तो, त्यांची लेंडकी आणि कुरतडलेला पाला. मग खाली जुन्या साड्या अंथरायच्या, लांब काठीला आकडी बांधून एकेक फांदी धरून दणका द्यायचा. पोटभर खाऊन, जोडीने बसलेले भुंगेरे पटकन उडत नाहीत, टपाटप पडतात आणि पाय आखडून मेल्यासारखे पडून राहतात, दोन मिनिटात उठून चालायला लागतात, त्याच्या आत गोळा करायचे. बादलीत पाणी आणि त्यात थोडं रॉकेल, रॉकेल मिळत नसेल तर डिझेल, त्यात टाकले की संपलं. पहिल्या वर्षी मी हे एकटीने केलं, शेजारी हसले, आणि त्या रात्री पाव बादली भरली ती बघून दुसऱ्या दिवशी हसणारेच काठी घेऊन आले. पहिल्या तीन-चार संध्याकाळी सगळ्यात महत्त्वाच्या, कारण मादीने अजून अंडी घातलेली नसतात. नंतरही प्रत्येक मोठ्या पावसानंतर एक चक्कर. जोडीला एक प्रकाश सापळा, बल्बखाली पाण्याची पाटी, साडेसात ते साडेनऊ एवढाच वेळ, रात्रभर लावून ठेवलास तर बिचारे चांगले किडेही मरतात.

हे एकटीने करून मात्र फार उपयोग नाही, आणि इथेच भाऊजी लागतात. भुंगेरा बांध ओळखत नाही, तू तुझं झाड झाडलंस आणि त्यांच्या विहिरीवरची बाभूळ तशीच राहिली तर पुढच्या वर्षी पुन्हा तेच. सलग तीन-चार वर्षं आसपासच्या सगळ्या रानांनी मिळून केलं तर फरक पडतो. काही भागात साखर कारखान्यांनी असे भुंगेरे किलोवर विकत घेतलेत, तुमच्या गट ऑफिसात विचारून बघ, पोरं मग आपण होऊन बादल्या घेऊन येतात.

भाऊजींशी बोलायला जाशील तेव्हा वरचं शास्त्र सांगायला जाऊ नकोस, कुठल्याही दिराला वहिनीने शिकवलेलं आवडत नाही, निदान सगळ्यांसमोर तरी. त्याऐवजी वळवाच्या आधी एका रविवारी, नवरा घरी असताना, कुदळ घेऊन दोन्ही रानांत दोन-दोन खड्डे घ्या, जिथे बेटं गेली होती तिथेच, फूट-दीड फूट, लागलं तर अजून थोडं खाली. आधी तुमच्या रानात घ्या, मग त्यांच्या. त्यांच्या स्वतःच्या खोडव्याखालून तपकिरी भुंगेरा जिवंत निघाला की हुमणी कुठे जन्मते हे तुला तोंडाने सांगावं लागणार नाही. आणि मग पहिली कबुली तू दे की भाऊजी, दोन वर्षं आम्ही झाडाकडे बघितलं नाही ही चूक झाली, यंदा पहिल्या वळवाला साड्या आणि काठ्या माझ्याकडून, तुम्ही फक्त या. त्यातून एक वर्षाची मुदत मागून घे. ते नाहीच म्हणाले तर मधला रस्ता म्हणून त्यांच्या बाजूला झुकलेल्या फांद्या उतरवायची तयारी दाखव, मामंजी तेवढं ऐकतील असं तुझ्या पत्रावरून वाटतं. आणि मामंजींना कामाला लाव, आठ वाजता बॅटरी धरून कुठली फांदी राहिली ते सांगायला त्यांच्याइतकं ते झाड ओळखणारं कोण आहे?

रानातलंही थोडं. खूप हुमणी लागलेल्या तुकड्यात पुन्हा खोडवा ठेवू नका, मोडा, उभं-आडवं खोल नांगरा आणि पक्ष्यांना काम करू द्या. नवीन लागण असेल तर मधेमधे भुईमूग किंवा ताग टाक, अळी आधी तिथे जाते, रोप मान टाकतं, ते उपटून खालची अळी वेचता येते. जून-जुलैत अळी बारकी असताना मेटारायझियम बुरशी (अळीला रोग लावून मारणारी) एकरी 8 ते 10 किलो, कुजलेल्या शेणखतात मिसळून, ओल असताना मुळाशी. तिचा परिणाम हळू दिसतो, पुढे खांदताना एखादी कडक झालेली, अंगावर हिरवी भुकटी आलेली अळी सापडली तर समज लागू पडलंय, ती फेकू नकोस, तिथेच मातीत राहू दे.

कृष्णा, वारणा, पंचगंगेच्या काठचे जे वाचक हे वाचून लगेच लिंबाखाली जातील त्यांच्यासाठी, तुमच्याकडची नदीकाठची हुमणी वेगळी, लिकोफोलिस, तिचे भुंगेरे संध्याकाळी जमिनीतून निघतात, थोडा वेळ उडतात आणि पुन्हा मातीत जातात, लिंब-बाभळीवर असे जमत नाहीत, त्यामुळे झाड हलवून तुमच्या हाती फारसं काही लागणार नाही. तुम्ही निघण्याच्या त्या थोड्या वेळात जमिनीवरच पकडणं, नांगरट, अळ्या वेचणं आणि बुरशी यावरच भर द्या.

बांधावरचं झाड कायद्याने कुणाचं, या वादात मी शिरत नाही, ते तलाठ्याला विचार, पण खड्डे घेऊन झाल्यावर विचार.

आणि हो, साड्या शोधशील तेव्हा फिक्या रंगाच्या काढ. मी पहिल्या वर्षी गडद चॉकलेटी अंथरली होती, भुंगेरेही त्याच रंगाचे, निम्मे माझ्या पायाखालून चालत गेले.